एकूण ५०, तरीही नापास : ऑनलाइन एमबीएच्या दुसऱ्या सत्राची सुरुवात

फेब्रुवारी २०२५चा दुसरा आठवडा. रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला.

"दादा, निकाल लागला. एका विषयात ५० मार्क आहेत आणि पुढे नापास लिहिलंय. ५० ला कुणी नापास करतं का रे?"

करतं. ऑनलाइन पदवीत हे पुष्कळांचं होतं आणि बहुतेकांना ते निकाल हातात पडल्यावरच कळतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार ऑनलाइन अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन असतं. बहिणीच्या विद्यापीठाने त्यावर स्वतःची एक अट घातली आहे : ७० गुणांच्या परीक्षेत वेगळे ४० टक्के, म्हणजे २८, मिळालेच पाहिजेत. तिला असाइनमेंटमध्ये ३० पैकी २६ होते आणि परीक्षेत ७० पैकी २४. बेरीज ५०, शेरा नापास.

विषय होता संघटनात्मक वर्तन, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात ते. वर्गात सगळे ज्याला 'सोपा' म्हणतात तो.

मी एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. हे प्रकरण तिला विचारूनच लिहितोय. तिचं, तिच्या फर्मचं आणि विद्यापीठाचं नाव दिलेलं नाही. फर्मचे आकडे बदललेत, प्रमाण तेच ठेवलंय. गुण मात्र जसेच्या तसे आहेत. तेवढं तरी खरं लिही, असं तिनेच बजावलं.

ती कोण

वय ३४. इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये हिशेब बघते. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देण्याचं काम. खळ नसेल तर यंत्रमागावर धागा टिकत नाही. सूत पार्टीचं म्हणजे गिऱ्हाइकाचं, खळ, वाफ आणि मजुरी सायझिंगची, असा हा धंदा. नवरा यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे मागाची देखभाल-दुरुस्ती करतो, दोन मुलं आहेत, सासूबाई सोबत राहतात. बी.कॉम. केलं त्याला तेरा वर्षं झाली आणि तिने सगळे पेपर मराठीत लिहिले होते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटी, टीडीएस म्हणजे आधीच कापून भरायचा आयकर, हे सगळं ती झोपेतही करेल. मालकाच्या मुलाने एकदा बोलता बोलता म्हटलं, "मॅनेजर नेमायचाय, पण एमबीए पाहिजे." ते तिच्या मनात बसलं.

कोल्हापूर तीसेक किलोमीटरवर. संध्याकाळचा वर्ग धरायचा तर घरी यायला दहा वाजणार. म्हणून ऑनलाइन. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने २०२२च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं होतं. तो कागद मीच तिला पाठवला होता. त्यामुळे या प्रकरणात मीही थोडा आरोपी आहे.

२०२४ मध्ये प्रवेश घेतला. जानेवारीअखेर पहिल्या सत्राची परीक्षा झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या सत्राचे विषय पोर्टलवर उघडले आणि निकाल त्यानंतर आला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मागच्या सत्रात काय चुकलं हे कळायच्या आत पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. पाच नवीन विषय, पाच असाइनमेंट, ३८ पानांची विद्यार्थी पुस्तिका आणि स्वागताची ईमेल. पुस्तिकेतली तारखांची पानं आम्ही दोघांनी फोनवर वाचली. बाकीची 'नंतर बघू' म्हणून ठेवली.

आधी नावाचा घोळ

पहिला आठवडा अभ्यासात गेलाच नाही. श्रेयांक, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट, आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात आणि ते खातं आधारवरून उघडतं. आधारवर तिचं सासरचं नाव, पदवीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. प्रवेशाच्या वेळी कुणी हटकलं नाही. पहिल्या सत्राचे श्रेयांक चढवताना अडलं. मदत-कक्षाला चार ईमेल गेल्या, चारही उत्तरं एकसारखी. शेवटी विवाह प्रमाणपत्र आणि स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र पाठवल्यावर सुटलं. लग्न झालेल्या बाईने नवीन शिक्षण सुरू करण्याआधी हे दोन कागद स्कॅन करून ठेवावेत, बाकी या विषयावर लिहावं असं काही नाही.

सहाशे तास

त्या शनिवारी मी तिच्याकडे गेलो. ती वही काढून बसली होती आणि वहीवर लिहिलं होतं : रोज दोन तास, पाच विषय. हे असं वेळापत्रक मी दरवर्षी शंभर मुलांच्या वहीत बघतो. गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

म्हटलं, आधी हिशेब कर, तुझं कामच ते आहे. आयोगाच्या नियमात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. व्हिडिओ, वाचन, चर्चा, असाइनमेंट सगळं त्यात धरून. पाच विषय, प्रत्येकी ४ श्रेयांक, एकूण २०. म्हणजे ६०० तास. फेब्रुवारी ते जूनचा दुसरा आठवडा, १८ आठवडे. आठवड्याला ३३ तास.

ती गप्प झाली. मग कॅलेंडर आणलं आणि स्वतःचे तास मोजले. रात्री मुलं झोपल्यावर सव्वा तास, पहाटे जमलं तर पाऊण, रविवारी दुपारी तीन. आठवड्याला १५. अठरा आठवड्यांचे २७०. निम्मेही नाहीत.

तेवढ्यात दाजी आत आले. वहीत डोकावून म्हणाले, "एवढे तास तर आमचा मागपण चालत नाही हल्ली."

माझ्या कॉलेजातली पूर्णवेळ मुलं तरी ते तास कुठे भरतात, हा भाग वेगळा. पण त्यांना परीक्षेआधी महिनाभर मोकळा मिळतो. हिला मिळणार नाही. उलट तिच्या कॅलेंडरवर आधीच लाल गोल होते. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएसचं चलन, ११ ला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला दुसरं, ३-बी. मार्चमध्ये त्यात १५ तारखेचा आगाऊ कराचा हप्ता आणि ३१ चा मार्च एंड. आणि पोर्टलवर असाइनमेंटची अंतिम तारीख कोणती? ३१ मार्च. नोकरी करणाऱ्यांसाठी म्हणून काढलेल्या अभ्यासक्रमात ही तारीख ज्याने ठरवली, त्याने कुठल्याही फर्मच्या हिशेबखात्यात एक मार्च काढलेला नसावा.

तिने स्वतःच ठरवलं : पाचही असाइनमेंट १० मार्चच्या आत. ११ पासून ३१ पर्यंत पोर्टल उघडायचंच नाही. वर्षअखेरीला कुणी एमबीए करत नसतं.

हे झालं वेळेचं. पण २४ का पडले याचं उत्तर त्यात नव्हतं.

नापास का झाली

तिचं म्हणणं, वेळ मिळाला नाही. माझा अंदाज होता इंग्रजी. मराठीत शिकलेल्या मुलांना गणिताच्या पेपरात भाषा लागत नाही, थिअरीत लागते. हे मी वर्षानुवर्षं बघतो. तिचे गुणही तेच सांगत होते. ७० पैकी हिशेबशास्त्र ५४, संख्यात्मक तंत्रं ४३, अर्थशास्त्र ३५, व्यावसायिक संवाद २९, संघटनात्मक वर्तन २४. जसजसे शब्द वाढत गेले तसतसे गुण उतरत गेले. संवादाचा पेपर एका गुणाने वाचला होता.

मी तिला कामाच्या प्रेरणेबद्दलच्या हर्झबर्गच्या द्विघटक सिद्धांताबद्दल विचारलं. म्हटलं, मराठीत सांग.

"दादा, ते आमच्याकडे रोज दिसतंय की. दिवाळीचा बोनस वेळेवर दिला तर कुणी येऊन आभार मानत नाही. पण चार दिवस उशीर झाला तर बॉयलरवाला कामावरच येत नाही. पगार, बोनस, पंखा, संडास, हे नसलं की माणूस चिडतो. असलं म्हणून तो जीव टाकून काम करत नाही. जीव टाकून करतो ते मालकाने चारचौघांत 'बीम झकास काढलास' म्हटल्यावर."

यापेक्षा चांगलं उत्तर मी वर्गात ऐकलेलं नाही. पहिला घटक असमाधान टाळतो, दुसरा प्रेरणा देतो, आणि दोन्ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत : सिद्धांताचा गाभा तिने बॉयलरवाल्यावरून सांगितला. मग इंग्रजीत विचारलं. तुटक सांगितलं, पण सांगितलं. व्याकरण मोडकं, मुद्दे पूर्ण. अशा उत्तराला कोणताही परीक्षक दहापैकी पाच-सहा देतो.

मग २४ का? म्हटलं, उत्तरपत्रिका मागव. फी भरून आठवड्याने पीडीएफ आली.

पेपर दोन तासांचा. २० बहुपर्यायी प्रश्नांना २० गुण आणि पाच मोठ्या प्रश्नांना प्रत्येकी १०. बहुपर्यायींत तिला १५ मिळाले होते, म्हणजे विषय समजला होता. मोठ्या प्रश्नांचे मी शब्द मोजले. पहिलं उत्तर ३१० शब्द. दुसरं २२०. तिसरं ८५. चौथं दोन ओळी. पाचवं कोरं. गुण अनुक्रमे ४, ३, २, ०.

"पाचवं येत नव्हतं?"

"सगळ्यात चांगलं तेच येत होतं. वेळ संपली."

तिचा लॅपटॉप उघडायला लावला, समोर मुलाचं इंग्रजीचं पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, दहा मिनिटं हे टाइप कर.

आता ही बाई नंबरपॅडवर बसली की बघत राहावं. मान वर, डोळे बिलावर आणि उजव्या हाताची बोटं पाऊस पडल्यासारखी. दिवसाला दीडशे नोंदी करते. पण अक्षरांवर आल्यावर दोन तर्जन्या पुढे आल्या, मान खाली गेली आणि प्रत्येक अक्षर शोधून दाबायला लागली. 'बी' कुठे आहे म्हणून एकदा थांबली. टॅलीत खात्याची पहिली दोन अक्षरं मारली की नाव आपोआप येतं, त्यामुळे तेरा वर्षांत अख्खं वाक्य टाइप करायची वेळच आली नव्हती.

दहा मिनिटांत ९८ शब्द. मिनिटाला दहासुद्धा नाहीत.

पुढचा हिशेब तिनेच मांडला. पाच उत्तरं, प्रत्येकी २५० शब्द, एकूण १२५०. दहाच्या वेगाने नुसतं टाइप करायला १२५ मिनिटं. बहुपर्यायींना २५ मिनिटं गेल्यावर हातात उरतात ९५. विचार करायला एक मिनिटही न घेता, समोर बघून उतरवायचं म्हटलं तरी पेपर पुरा होत नाही. तिने वहीत ९५ वजा १२५ लिहिलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पेन ठेवलं.

हे आधी कसं दिसलं नाही? असाइनमेंटमुळे. पहिल्या सत्रात तिने पाचही हाताने लिहून स्कॅन करून चढवल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं. २६, २७, २५. अंतर्गत गुण बघून ती निर्धास्त होती आणि मीही होतो. हिशेबाच्या पेपरात आकडे होते, नंबरपॅड होता. जिथे अडचण होती तिथे परीक्षेच्या दिवसापर्यंत तिचा हातच पोहोचला नव्हता.

टायपिंग क्लास

घरापासून दोन गल्ल्या सोडून टायपिंगचा क्लास आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देणारी पोरं तिथे येतात. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागतात म्हणून गावोगावचे हे क्लास अजून टिकून आहेत. पूर्वी ठकठक असायची, आता संगणक आहेत, एवढाच फरक. तिला परीक्षा द्यायची नव्हती. सकाळी साडेसहा ते सव्वासात, आठवड्यातले चार दिवस, फक्त सराव. सर म्हणाले, या.

घरात यावरून बरंच बोलणं झालं. दाजींचा प्रश्न सरळ होता : "एमबीएची फी भरलीय ती टायपिंग शिकायला?" माझ्याकडेही याचं धड उत्तर नव्हतं. १५ तासांतले तीन असे गेले तर पाच विषयांना बारा उरतात. मी म्हटलं, जून महिन्यात बघू.

उरलेल्या बारा तासांची वाटणी मी केली. पोर्टल सगळ्या विषयांना सारखेच श्रेयांक देतं, पण तिला सगळे विषय सारखेच जड नाहीत. वित्तीय व्यवस्थापनाचे व्हिडिओ ती आवडीने बघायची, पहिल्या सत्रात हिशेबाचे सगळे दोनदा बघितले होते. येतं तेच पुन्हा बघण्यात माणसाला फार बरं वाटतं. म्हणून वित्ताला आठवड्याला दोनच तास ठेवले. ती रुसली. मार्केटिंग आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाला तीन-तीन, संशोधन पद्धतीला दोन. ऑपरेशन्सलाही, म्हणजे उत्पादनाच्या व्यवस्थापनालाही, दोन, सायझिंगचा फ्लोअर ती रोज बघते, तिला काय अवघड जाणार, असा माझा तर्क. त्याच्याकडे पुन्हा येईन.

राहिलेल्या संघटनात्मक वर्तनाला वेगळा तास ठेवलाच नाही. क्लासात बोटं बसायला लागल्यावर घरी सरावाला काय टाइप करायचं, तर त्याच विषयाची उत्तरं. पद्धत अशी ठरली : उत्तर आधी मराठीत बोलून मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, दोन मिनिटांत. मग तेच लहान लहान इंग्रजी वाक्यांत टाइप करायचं. एका वाक्यात एकच गोष्ट. 'विच', 'देअरफोर' घालून लांबवायचं नाही. माझ्या फोनमध्ये अजून ते आवाज आहेत. मागे कुकरची शिट्टी, मधेच "अरे, दार लाव", आणि मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या गरजांची उतरंड.

पहिले दोन आठवडे वेग कमी झाला. दहा बोटांनी टाइप करायला लागलं की सुरुवातीला असंच होतं. मिनिटाला सहावर आली. घाबरून फोन केला, परत दोन बोटांवर जाऊ का म्हणून. क्लासच्या सरांनी काय केलं, तर कीबोर्डवर रुमाल टाकला. आता बघायला काही उरलंच नाही.

मार्चच्या आधीची असाइनमेंट

पाचपैकी चार असाइनमेंटबद्दल सांगण्यासारखं काही नाही. १० मार्चची मुदत तिने दोन दिवसांनी चुकवली, पण पाठवल्या. सगळ्या टाइप करून. हाताने लिहायची मुभा होती, तरी नाही. वित्ताची मात्र इथे थोडी उघडून दाखवतो.

विषय होता खेळतं भांडवल, म्हणजे धंद्याच्या रोजच्या व्यवहारात फिरणारा पैसा. बहुतेकजण पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आकडे बदलून लिहितात. तिने सायझिंगच घेतलं. वर्षाची मजुरीची बिलं ३ कोटी ६५ लाख, म्हणजे दिवसाला एक लाख. बाजारात उधारी ६० लाख. म्हणजे पैसे सरासरी ६० दिवसांनी येतात. खळ आणि जळणाचा साठा पाच दिवसांचा. जळणवाल्याला मात्र सात दिवसांत पैसे लागतात. पाच अधिक साठ वजा सात : ५८ दिवस पैसा अडकलेला. रोजचा खर्च ८० हजार धरला तर ४६ लाख ४० हजार सतत बाहेर.

मग तिने १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ४३-बी (एच) जोडलं. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, म्हणजे करार नसेल तर १५ आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, भागवलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झालं आणि कापडाच्या बाजारात त्याची बरीच चर्चा झाली. तिने मांडलं : सगळ्या पार्ट्यांनी ४५ दिवस पाळले तर हे ५८ दिवसांचं चक्र १५ दिवसांनी कमी होईल, १२ लाख मोकळे होतील, आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला १ लाख ३२ हजार वाचतील.

हे तिने मालकाला दाखवलं. त्याने कागद नीट वाचला आणि विचारलं, "आणि पार्टी दुसऱ्या सायझिंगला गेली तर?" ते वाक्य तिने असाइनमेंटच्या शेवटी तसंच घातलं आणि खाली लिहिलं की या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही, मार्केटिंगच्या घटक ३ मध्ये शोधते आहे. ३० पैकी २८ मिळाले. पहिल्या सत्रात हिशेबशास्त्राच्या असाइनमेंटलाही जवळपास एवढेच होते, पण ती पुस्तकातून उतरवलेली होती. शिक्षक म्हणून या दोन आकड्यांतला फरक मला दिसतो, निकालपत्रात दिसत नाही.

त्यानंतर ३१ मार्चपर्यंत ठरल्याप्रमाणे पोर्टल बंद. क्लासही शेवटचा आठवडा बुडाला.

जून

एप्रिलअखेर वेग १९. जूनच्या पहिल्या आठवड्यात २६. आता १२५० शब्दांना पन्नास मिनिटांच्या आत, म्हणजे विचार करायला पाऊण तास हातात.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. सुरुवातीला लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवायची, टेबलाखालचंसुद्धा. मागच्या वेळी धाकटा पाणी मागायला आत आला होता आणि पडद्यावर लाल इशारा आला होता. या वेळी दोन्ही मुलं शेजारी, सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या. इन्व्हर्टरची बॅटरी दाजींनी आदल्या दिवशी बघून ठेवली. टायपिंगवरून बोलले होते त्याची ती भरपाई असावी.

सहा पेपर दिले. एखादा सोडून दे, असं मी सुचवलं होतं. ऐकलं नाही.

संघटनात्मक वर्तन ४१. तेच पुस्तक, तीच बाई, २४ वरून ४१. मनुष्यबळ व्यवस्थापन ३६, मार्केटिंग ३०, संशोधन पद्धती ३३. वित्त ५२, दोन तासांच्या वाटणीत.

ऑपरेशन्स २६. दोन गुणांनी गेला.

मी ज्याला 'तिला काय अवघड' म्हटलं होतं तो. पेपरात प्रकल्पाच्या वेळापत्रकावर दोन प्रश्न होते. कामांची यादी, प्रत्येकाचे दिवस, कोणतं काम कशानंतर. त्यावरून जाळं काढायचं आणि सगळ्यात लांबचा मार्ग शोधायचा. तिला तो तोंडी आला होता. पण आकृती परीक्षेच्या पडद्यावर माऊसने काढायची होती. वर्तुळ काढलं की बाण निसटायचा, बाण जोडला की वर्तुळातला आकडा जायचा. एका आकृतीत अर्धा तास गेला, दुसरी झालीच नाही. उत्तरपत्रिकेच्या पीडीएफमध्ये त्या पानावर सात वर्तुळं आहेत आणि चार बाण, त्यातला एक कुठेच जात नाही.

टायपिंगचं दुखणं आम्ही शोधून काढलं याचा मला जरा अभिमान वाटायला लागला होता. कीबोर्ड तपासला, माऊस तपासला नाही. पोर्टलवर सरावाची परीक्षा असते, खऱ्या परीक्षेसारखाच पडदा, तिला गुण नसतात म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. फेब्रुवारीत आम्ही ती उघडली असती तर वीस मिनिटांत हे कळलं असतं.

तिसरं सत्र

ऑगस्टमध्ये तिसरं सत्र उघडलं. आता विशेषीकरण निवडायचं होतं. सगळे म्हणाले, वित्त घे, तुला येतंच. दाजीसुद्धा. अर्ज भरायची अंतिम तारीख २० ऑगस्ट, म्हणजे ३-बीचा दिवस, त्यामुळे १८ लाच निर्णय हवा होता. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मग ऑपरेशन्स निवडून मोकळी झाली. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅनेजर व्हायचंय ना? हिशेबाला तर मी आहेच की." दोन गुणांनी गेलेल्या विषयातच विशेषीकरण, यावर मी अजून मनातल्या मनात वाद घालतोय.

या वेळी तिने वेळापत्रक करायला घेतलं नाही. आधी सरावाची परीक्षा उघडली. थोरल्या मुलाला शेजारी बसवलं, तो शाळेत चित्र काढायचं सॉफ्टवेअर शिकलाय. मग ३८ पानांची ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला काढली. मागच्या वेळी आम्ही तारखांपाशी थांबलो होतो.

रात्री मला तिचा एक स्क्रीनशॉट आला. पान १४, खालची टीप : जाळ्याची आकृती मागितलेली असेल तेथे विद्यार्थ्याने काम, आधीचे काम, कालावधी आणि सुरुवात-शेवट यांचे कोष्टक टाइप केले तरी पूर्ण गुण देण्यात येतील.

खाली तिने काहीच लिहिलं नव्हतं.